सोडा लाईमचा कॅन सीलबंद, आतला माल मात्र वापरलेला

भांडुपच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये मी ११ वर्षं ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरचा टेक्निशियन आहे. हे लिहितोय कारण आपल्यासारख्या छोट्या ओटीत सोडा लाईम कुठून आणायचं, कुणाकडून घ्यायचं हे डॉक्टर बघत नाहीत, ते आपल्याच हातात असतं, आणि माझ्या हातून वापरलेला माल पेशंटच्या मशीनमध्ये भरला गेला. पेशंट सुखरूप घरी गेली हे आधीच सांगतो.

ज्यांचा ह्या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं. पूर्ण भूल दिली की क्लोज्ड सर्किटमध्ये पेशंटने सोडलेला श्वास फिरून परत पेशंटकडेच जातो, कारण त्यात भुलेचा महागडा गॅस असतो. पण त्यातला कार्बन डायऑक्साईड तेवढा मधेच काढून टाकावा लागतो. ते काम सोडा लाईमचं. पांढरे दाणे, साधारण ८० टक्के कॅल्शियम हायड्रॉक्साईड म्हणजे भिजवलेला चुना, १५ टक्क्यांच्या आसपास पाणी, आणि थोडा कॉस्टिक सोडा. कार्बन डायऑक्साईड शोषला की चुन्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे खडूच म्हणा, आणि ते होताना दाणे गरम होतात. दाण्यात इथिल व्हायोलेट नावाचा रंग घातलेला असतो, माल संपत आला की तो जांभळा दिसायला लागतो.

आम्ही ५ किलोचे कॅन प्रिन्सेस स्ट्रीटच्या एका सप्लायरकडून घ्यायचो. बरीच वर्षं. फेब्रुवारीत त्यांच्याकडे नवीन पोरगा लागला, बोलायला गोड, दादा दादा करत ओटीच्या दारापर्यंत यायचा. तो म्हणाला दादा, रिकामे कॅन आणि वापरलेला माल टाकू नका, आमच्याकडे द्या, कंपनी रिसायकल करते, कॅनमागे वीस रुपये देतो. मला वाटलं बरंच झालं, कचऱ्यात टाकण्यापेक्षा चांगलं, आणि ते वीस रुपये आमच्या मावशींना मिळत होते म्हणून मीही कधी खोलात गेलो नाही. पुढे मे महिन्यात तोच पोरगा आपल्या नेहमीच्याच ब्रँडचे तीन कॅन घेऊन आला, कॅनमागे चारशे रुपये कमी, म्हणे कंपनीची स्कीम आहे, बिल पुढच्या फेरीला देतो. अकाउंटवाले काका खूश. मी सील बघितलं, लेबल बघितलं, एक्स्पायरी बघितली, आणि ठेवून दिले कपाटात.

जूनमधला दिवस, बाहेर धो धो पाऊस, लिस्टवर दूरबिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन. सकाळी नवीन कॅन फोडून मी कॅनिस्टर, म्हणजे मशीनवरचा दाण्यांचा डबा, पूर्ण भरला. दाणे पांढरेशुभ्र होते. तळाला नेहमीपेक्षा भुकटी जास्त वाटली पण म्हटलं ट्रान्सपोर्टमध्ये होत असेल. केस सुरू होऊन वीस-पंचवीस मिनिटं झाली आणि मॉनिटरवर एंड टायडल, म्हणजे सोडलेल्या श्वासाच्या शेवटी मोजलेला कार्बन डायऑक्साईड, ४० वरून ४८, मग ५३. दूरबिणीच्या केसमध्ये पोटात कार्बन डायऑक्साईडच भरतात त्यामुळे थोडा वाढतोच, म्हणून आमच्या भूल देणाऱ्या मॅडमनी आधी व्हेंटिलेटर वाढवला. तरी उतरेना. मग मॅडमनी ग्राफच्या खालच्या रेषेकडे बोट दाखवलं. ती रेषा शून्यावर यायला हवी, ती ७ वर होती आणि हळूहळू वर चालली होती. म्हणजे पेशंट जो श्वास आत घेतेय त्यातच कार्बन डायऑक्साईड आहे. मॅडम एवढंच म्हणाल्या, "सोडा लाईम कधी बदललंस?" मी म्हटलं, "मॅडम, आज सकाळीच, अख्खा नवीन."

त्यांनी लगेच ताज्या गॅसचा फ्लो ८ लिटरवर नेला. फ्लो एवढा वाढवला की सोडलेला श्वास परत फिरायच्या आत बाहेर ढकलला जातो, मग दाणे निकामी असले तरी चालतं, गॅस भरपूर खर्च होतो पण पेशंट वाचतो. पाच-सात मिनिटांत रेषा खाली आली. मी कॅनिस्टरला हात लावला तर गार, आणि दाणे वरपासून खालपर्यंत जांभळे झालेले. ह्या सगळ्या वेळात ऑक्सिजनचं सॅचुरेशन ९९ होतं, हे लक्षात ठेवा. बोटाला लावलेला प्रोब ह्यातलं काहीही सांगत नाही. ज्या ओटीत कॅप्नोग्राफ, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साईड दाखवणारा ग्राफ, नाही तिथे हे कळलं असतं ते पेशंटला दरदरून घाम फुटला, बीपी चढलं, नाडी धावायला लागली की मग.

संध्याकाळी मॅडमनी हिशोब मांडून दाखवला. भुलेखालचा माणूस मिनिटाला साधारण २०० मिली कार्बन डायऑक्साईड सोडतो, म्हणजे तासाला १२ लिटर. १०० ग्रॅम चांगलं सोडा लाईम जास्तीत जास्त २६ लिटर शोषतं, प्रत्यक्षात निम्मंच धरा. आमच्या कॅनिस्टरमध्ये सव्वा किलो बसतं, म्हणजे १२-१३ तास सहज निघायला हवेत. आमचं अर्ध्या तासात संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर कॅनिस्टरमधले दाणे परत पांढरे. ही खरी मेख आहे आणि मी अकरा वर्षं ह्या कामात असून तिचा असा वापर होऊ शकतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. संपलेलं सोडा लाईम नुसतं ठेवून दिलं की आतला उरलासुरला अल्कली पृष्ठभागावर येतो आणि जांभळा रंग उडतो. दिसायला नवं, पण लावलं की थोड्या वेळात परत जांभळं. शिवाय ट्यूबलाईटच्या उजेडात फार दिवस राहिलं तरी तो रंगच मरतो, मग माल संपला तरी जांभळा होत नाही. म्हणजे कुणी वापरलेले दाणे गोळा केले, आठवडाभर पसरून ठेवले, कॅनमध्ये भरले, तर बघून ओळखणं शक्य नाही.

एक दाणा मी ग्लोव्हज घालून चिमटीत दाबला. ताजा दाणा दाबला की चुरा होतो, हा खड्यासारखा कडक. थोडे दाणे पुडीत बांधून घरी नेले. माझी मुलगी दहावीला आहे, तिला म्हटलं हा चुना की खडू कसं ओळखायचं, ती म्हणाली बाबा त्यात काय, ॲसिड टाका, कार्बोनेट असेल तर बुडबुडे येतात. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर टाकलं आणि बशीत नुसता फेस झाला. दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या मित्राकडून चांगल्या कॅनमधले चार दाणे आणून तसंच केलं, तिथे जेमतेम एखाद-दुसरा बुडबुडा. बशीकडे बघताना माझ्या पोटात गोळा आला, कारण हे त्या बाईच्या श्वासाच्या वाटेत मी माझ्या हाताने भरलं होतं आणि तिचा नवरा तेव्हा बाहेर बाकड्यावर बसलेला होता.

मग कॅन उलटा केला. मला सवय आहे, कॅन उघडला की तळाला मार्करने तारीख टाकतो. ह्या तळाला काहीतरी स्पिरिटने पुसल्याचा डाग होता. टॉर्च तिरका धरला तर त्यात "उघ. १८/३" दिसत होतं. माझं अक्षर, माझा तो पोट उघडं ठेवलेला ८. आमचाच मार्चमधला कॅन वीस रुपयाला गेला आणि मे महिन्यात पूर्ण भावातून चारशे कमी करून परत आला. सील म्हणजे मानेला गरम हवेने चिकटवलेलं साधं पारदर्शक प्लास्टिक होतं, झाकणाखाली उघडताना तुटणारी मूळ कडी नव्हतीच. बिल तर आजतागायत आलेलं नाही.

अकाउंटवाले काका म्हणाले दाण्यांसाठी एवढं काय, ऑक्सिजन तर चालू होता ना. मॅडमनी त्यांना समोर बसवून १९७० सालच्या अपोलो १३ चं सांगितलं. ऑक्सिजन शिल्लक असूनही त्या तिघांचा जीव कार्बन डायऑक्साईड शोषणाऱ्या डब्यांवर अडकला होता, त्या यानातले चौकोनी डबे दुसऱ्या यानातल्या गोल जागेत बसेनात म्हणून पुठ्ठा, प्लास्टिक आणि चिकटपट्टीने जोडून वेळ निभावली. काका गप्प झाले आणि त्याच दिवशी ते माझ्याबरोबर प्रिन्सेस स्ट्रीटला आले. दुकानात शेठ म्हणाले तो पोरगा महिन्यापूर्वीच सोडून गेला, आम्हाला ह्यातलं काही माहीत नाही. दोन कॅनचे पैसे परत दिले, तिसऱ्याचे नाही, तो परत करा म्हणाले. मी दिला नाही. शेठना खरंच माहीत नव्हतं का ते मी सांगू शकत नाही, पण कॅन परत मागताना ते जेवढे घाईत होते तेवढे पैसे देताना नव्हते.

एफडीएकडे लेखी तक्रार दिली आहे, सोबत दाण्यांचा नमुना, तळाचे फोटो आणि त्या केसचा कॅप्नोग्राफचा प्रिंट. आता बिलावर बॅच नंबर असल्याशिवाय मी कॅन आत घेत नाही, लेबलवर लायसन्स नंबर बघतो, प्रत्येक कॅनमधला एक दाणा चिमटीत आणि दोन व्हिनेगरमध्ये. वापरलेले दाणे कुणी कितीही पैसे देऊ केले तरी पिवळ्या पिशवीत बारकोड लावून जातात. मावशींना मी सगळं समजावून सांगितलं, त्या रडल्या, त्यांना वाटलं त्यांच्यामुळे झालं. आता रिकामा कॅन आला की त्या स्वतः सुरी घेऊन लेबल फाडतात आणि तळाला आडवा काप देतात. तिसरा कॅन मॅडमच्या केबिनमध्ये कुलपात आहे, तळावरच्या तारखेवर पारदर्शक टेप लावून.