फेझहून आणलेली चामड्याची बॅग: आठ महिने वापरल्यावर, आणि मुख्यतः तिच्या कडीबद्दल

गेल्या आठवड्यात पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर ऐन गर्दीत बॅगेचा पट्टा खांद्यावरून सुटला आणि बॅग थेट पावसाच्या डबक्यात. आत फोन, चष्मा, बँकेचं पासबुक. पट्टा तुटला नव्हता, शिवणही उसवली नव्हती. पट्टा ज्या कडीत ओवलेला असतो ती कडी जोडाशी उघडली होती. घरी येऊन पुसून पाहिलं तर वरचा सोनेरी मुलामा गेलेला आणि आत गंजलेलं लोखंड. त्याच संध्याकाळी दोन तारे देऊन मोकळी होणार होते. मग चार दिवस थांबले, आणि बरं झालं थांबले.

बॅग घेतली डिसेंबरात. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं मोरोक्कोला गेलो, त्यातले पाच दिवस फेझमध्ये होतो. ई-व्हिसा, आखाती देशातून जाणारं विमान, कॅसाब्लांकाहून फेझची रेल्वे, यावर लोकांनी भरपूर लिहिलंय. मी बॅगेवरच येते.

जुन्या फेझमध्ये चामडं कमावण्याचे हौद आहेत, त्यातला सगळ्यात मोठा भाग म्हणजे शुआरा. खाली उतरून कोणी बघत नाही, भोवतालच्या दुकानांच्या गच्चीवरून बघायचं. वर चढताना दुकानदार हातात पुदिन्याची जुडी देतो, ती नाकाशी धरायची. पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा. चुन्याने केस सुटतात, विष्ठेतल्या अमोनियाने कातडं मऊ पडतं. मग रंगाचे हौद. त्यात माणसं मांडीपर्यंत उतरून कातडी पायांनी तुडवत होती, डिसेंबरच्या थंडीत. ते पाहून खाली आल्यावर घासाघीस करायला माझी जीभ रेटेना, आणि गच्चीवर नेण्यामागे दुकानदाराचा हिशेब तोच असावा. तरी केली. चौदाशे दिरहॅम सांगितले होते, साडेसहाशेला दिली. आपले सुमारे साडेपाच हजार रुपये. बकरीचं चामडं, बदामी रंग, हातशिलाई.

घेताना मी शिवण ओढून पाहिली, कडा नखाने खरवडल्या, अस्तर उलटं करून पाहिलं. हे म्हणाले, "अगं, किती बघशील?" पण कड्या मात्र बघितल्या नाहीत. तिथे फसले. लोखंडावर मुलामा असेल तर चुंबक चिकटतं, पितळेला चिकटत नाही. एवढासा चुंबकाचा तुकडा पर्समध्ये ठेवून जा. फेझला जाणाऱ्या प्रत्येकीला मी आता हेच सांगते.

आता आठ महिन्यांचं खरं खरं. पहिले दोन महिने वास होता. गॅलरीत सावलीत टांगून ठेवली, फेब्रुवारीअखेर गेला. जूनमध्ये हवेत ओल आली तसा परत आला, निम्मा. पहिल्या पावसात रंग उतरून माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत पट्टा उमटला, तो अजून गेलेला नाही. पावसाळ्यात आठवडाभर कपाटात राहिली तर पांढरी बुरशी धरते. यावर उपाय आपल्याकडचाच. कोल्हापुरी चपलेला लावतो तसं एरंडेलाचं बोट, महिन्यातून एकदा, मऊ फडक्याने. कोल्हापुरीचं चामडंही हिरडा आणि बाभळीच्या सालीवर कमावलेलं असतं, म्हणून करून पाहिलं. चामडं आता पहिल्यापेक्षा मऊ आहे आणि रंग मधासारखा झालाय. रोज वापरूनही एक टाका हललेला नाही.

आणि म्हणूनच त्या कडीचा राग जास्त येतो. दुकानाच्या नंबरवर व्हॉट्सॅप केलं. त्यांनी फोटो मागितले, पाठवले. उत्तर आलं, पुढच्या वेळी याल तेव्हा बदलून देऊ. मी लिहिलं की निदान चूक तरी मान्य करा. त्यानंतर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. साडेसहाशे दिरहॅमच्या वस्तूत त्यांनी वाचवले किती असतील? त्या माणसाने हौदात उभं राहून जे कमावलं, शिवणाऱ्याने जे टाके घातले, ते सगळं एका टिनपाट कडीच्या भरवशावर लटकत ठेवलं.

त्यातून हे गाव कोणाचं, तर तांब्या-पितळेच्या कारागिरांचं. अल-करवीयिन या जुन्या मशीद-विद्यापीठाच्या ग्रंथालयाला लागूनच सफ्फारीन चौक आहे. तिथे दिवसभर तांब्याच्या मोठाल्या कढया ठोकत असतात. आम्ही तिथे पुदिन्याचा चहा घेत तासभर बसलो होतो. दोन हातोडे एकाआड एक पडत होते, मध्येच तिसरा. हे एकदम म्हणाले, "डोळे मीट. तांबट आळी." पुण्यातली तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची ती आळी; यांचं आजोळ तिथलंच, कसबा पेठेतलं, लहानपण त्या ठोक्यांत गेलेलं. मी डोळे मिटले आणि मला शब्दच सुचेना. आठ महिन्यांनी ती कडी हातात घेतल्यावर तोच चौक आठवला. दुकानापासून पायी काही मिनिटांवर पितळ ठोकणारी माणसं बसलेली असताना ही कडी लावावीशी कशी वाटली?

थांबले ते एवढ्यासाठी की यांनी बॅग उचलली आणि मला बोहरी आळीत घेऊन गेले. ओतीव पितळेच्या चार कड्या एकशेसाठ रुपयांना मिळाल्या. मग आमच्या कोपऱ्यावरचे मोचीकाका. त्यांनी बॅग उलटीसुलटी केली, कड अंगठ्याने दाबली, वास घेतला. आरीने जुनी शिवण उकलायला गेले तर पहिला टाका सुटेना. दोरा मेणाचा, आणि प्रत्येक टाक्याला आत गाठ. "ताई, हे शिवणाऱ्याने मन लावून शिवलंय," म्हणाले. मग कडी बघितली आणि नुसतीच बाजूला ठेवली. त्यांनीही प्रत्येक टाक्याला तशीच गाठ मारली. पाऊण तास लागला, ऐंशी रुपये घेतले. मी शंभर दिले.

तेव्हा माझं मत असं: चामड्याला आणि शिवणीला पाच तारे, धातूच्या कामाला शून्य. दुकानाला काही नाही.

फेझला जावं का, हेही विचारतात. परत आल्यावर घरच्या ग्रुपवर मी "दोन दिवस पुरेत" असं लिहिलं होतं, ते मागे घेते. तेव्हा डोक्यात "रस्ता बंद आहे, इकडून चला" म्हणत मागे लागणारी पोरं होती. रस्ता कधीच बंद नसतो, मान हलवून पुढे जायचं. गल्ल्यांत गाड्या नाहीत, खेचरं आणि गाढवं. मागून "बालाक!" ऐकू आलं की भिंतीला चिकटायचं. बाब बू जलूदची निळी कमान १९१३ची, आतून मात्र हिरवी, आत गेल्यावर वळून बघा. राहायला रियाद घ्या, मधे चौक असलेलं जुनं घर, वाड्यात राहिलेल्यांना लगेच आपलंसं वाटतं. शाकाहारी असाल तर सकाळी बिसारा खा. वाळलेल्या बाकल्याचं दाट सूप, वरून ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड. झालूक म्हणजे जवळजवळ आपलं वांग्याचं भरीत, टोमॅटो घातलेलं. अल-करवीयिन ८५९ची, फातिमा अल-फिहरी या बाईने उभारली असं तिथे परंपरेने सांगतात. मुसलमान नसाल तर आत सोडत नाहीत, दारातून अंगण दिसतं. मी तेवढ्यावर बराच वेळ उभी होते.

बू इनानिया मदरशाला मात्र आत जाता येतं. चौदाव्या शतकात सुलतान अबू इनानने बांधलेला. खाली रंगीत फरश्या, मधे चुन्याची नक्षी, वर देवदार. याच सुलतानाच्या सांगण्यावरून इब्न बतूता या प्रवाशाने आपला प्रवास फेझमध्ये सांगून लिहवून घेतला, १३५५मध्ये तो पुरा झाला. तो माणूस आपल्या दौलताबादला येऊन गेलेला, नंदुरबारला थांबलेला, मराठ्यांबद्दल त्याने लिहून ठेवलंय. खानदेशातल्या माहेरची मी, अंगणातल्या हौदाशी उभी राहून यांना हे सांगताना माझा गळा दाटून आला.

बॅग सध्या रोज वापरात आहे. आतल्या कप्प्याच्या चेनची कडी अजून जुनीच, लोखंडी. घराची किल्ली तिला अडकवत नाही.