ए की ॲन: स्पेलिंग बघायचं की कान लावायचा?

शाळेत इंग्रजी शब्दाआधी ए लावायचा की ॲन, याचा फॉर्म्युला सोपा होता, ए ई आय ओ यू दिसलं की ॲन, नाहीतर ए. ॲपल, एग, अंब्रेला इथपर्यंत तो मस्त चालतो, पाठही पटकन होतो, पण युनिव्हर्सिटी आली की लगेच गंडतो, कारण स्पेलिंग यू पासून असलं तरी तोंडातून 'यु' निघतो, म्हणून ए युनिव्हर्सिटी. तसंच ए युरोपियन, ए वन-वे रोड. आणि उलट ॲन अवर, ॲन ऑनेस्ट मॅन, तिथे एच नुसता शोभेला.

दुसरा मार्ग म्हणजे शब्द सरळ देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, य किंवा व आलं तर ए. शॉर्टफॉर्मला तर हाच लागतो बघा, एसटी, एमएलए, एफआयआर सगळे 'ए' नाहीतर 'ॲ'ने सुरू होतात म्हणून ॲन एसटी बस, ॲन एमएलए, पण ए यूपीआय पेमेंट. स्पेलिंगवाले इथे हमखास आपटतात.

मला विचाराल तर दुसराच. फक्त लगेच पुढचा शब्द बघायचा, नाऊन नाही: ॲन अंब्रेला, पण ए ब्लॅक अंब्रेला. आणि ॲडव्हाइसला दोन्ही लागत नाहीत, तो अनकाउंटेबल आहे, म्हणजे मोजता न येणारा.