मे महिन्यात रत्नागिरी की पणजी? आधी दुपार कुठे काढणार ते ठरवा

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की आमच्या नात्यागोत्यात हा प्रश्न हमखास निघतो. पुण्याची मावसबहीण विचारते, ठाण्याचा भाचा विचारतो: "मे महिन्यात चार-पाच दिवस समुद्रावर जायचंय, बरोबर आई-बाबा आणि मुलं आहेत. रत्नागिरी बरी की पणजी?" दोन्हीकडे मी उन्हाळ्यात पुष्कळ राहिले आहे आणि दोन्ही गावांवर माझा जीव आहे. पण एकाला योग्य ठरलेलं गाव दुसऱ्याला जड गेलेलंही पाहिलं आहे, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

हवामानावरून निवड करता येत नाही, हे आधी सांगते. मे महिन्यात दोन्हीकडे पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो. नागपूर-अकोल्याच्या माणसाला हा आकडा वाचून हायसं वाटेल, पण किनाऱ्यावरचा उकाडा वेगळा. घाम येतो आणि वाळत नाही. रात्रीही तापमान २६-२७च्या खाली उतरत नाही, त्यामुळे अंगाला विसावा मिळत नाही. सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर दोन्ही गावं सुंदर आहेत. मधल्या सहा-सात तासांत तुम्ही कुठे असाल आणि काय कराल, यावर सगळी सहल ठरते. सहल आखताना आपण सकाळ-संध्याकाळ भरतो, दुपार मोकळी सोडतो, आणि मग चिडचिड नेमकी दुपारीच होते.

रत्नागिरीची दुपार

रत्नागिरीत दुपार घरात काढायची असते. एक वाजला की बाजारपेठ पेंगायला लागते, दुकानांची दारं ओढली जातात. तुम्ही एसटी स्टँडजवळच्या एखाद्या काँक्रीटच्या लॉजमध्ये उतरला असाल, तर हे तास फार कठीण जातात. आम्ही एकदा तसं केलं होतं. वरच्या मजल्यावरची खोली, डोक्यावर तापलेला स्लॅब, आणि दुपारी वीज गेलेली. आईला इतका त्रास झाला की दुसऱ्या दिवशी बस्तान हलवावं लागलं.

तेच भाट्ये, पावस किंवा मालगुंडच्या बाजूला बागेतलं कौलारू घर मिळालं, तर दुपार हाच सहलीचा सर्वांत गोड भाग होतो. जेवण झालं की पडवीत झोपाळा, खाली शेणाने सारवलेली किंवा कोब्याची गार जमीन, आणि माजघरात आंब्याची अढी. पेंढा बाजूला करून कुठला आंबा तयार झाला हे नाकाने ओळखायचं, या खेळात मुलांचे दोन तास कसे जातात कळत नाही. झेल्याने आंबा कसा उतरवतात, देठ ठेवून का उतरवतात, कापल्यावर आत साका, म्हणजे गराचा बिघडलेला भाग, निघाला तर तो कसा दिसतो, हे त्यांना बागेतल्या माणसांकडून शिकायला मिळतं. म्हणून रत्नागिरी निवडायची असेल तर आधी घर शोधा, मग बाकीचं. समुद्र दिसणारी खोली नसली तरी चालेल. सावलीचं अंगण मात्र हवंच.

शहरातलं पाहण्यासारखं सकाळी दोन-तीन तासांत होतं. लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान, १९३१ साली उभं राहिलेलं पतितपावन मंदिर, आणि ज्याच्यासाठी मी प्रत्येक वेळी वाकडी वाट करून जाते तो थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि १८८६मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा बांधून झाला १९१०मध्ये, म्हणजे आयुष्याची उमेदीची वर्षं भाड्याच्या बंगल्यांत गेल्यानंतर. १९१६ साली तो इथेच वारला, समाधीही इथेच आहे. राजवाड्याच्या वरच्या सज्जातून भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. तीस वर्षं ज्याला आपल्या देशी परतता आलं नाही, त्याने हे पाणी कसं पाहिलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. मुलांना आधी ही गोष्ट सांगून मगच तिथे न्या. नाहीतर त्यांना फक्त रिकामे दिवाणखाने दिसतील. सोमवारी जाऊ नका, आतलं संग्रहालय बंद असतं.

संध्याकाळी रत्नदुर्ग. भगवतीचं देऊळ, दीपगृह आणि खाली तिन्ही बाजूंनी समुद्र. ऊन उतरल्यावरच चढा, वर सावली अगदी थोडी आहे.

पणजीची दुपार

पणजीतही दुपारी दुकानं मिटतात, पण या गावाकडे पर्याय पुष्कळ आहेत. दहा किलोमीटरवर जुनं गोवं आहे. १६०५ साली पूर्ण झालेलं बॉम जेझूचं चर्च बाहेरून उघड्या जांभ्या दगडाचं आहे, गिलावा नाही. भिंती इतक्या जाड की आत शिरताच उन्हाची धग मागे राहते. सें कॅथेड्रलही तिथेच, रस्त्याच्या पलीकडे. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला. ही देवघरं आहेत आणि तिथे लोक प्रार्थनेला बसलेले असतात.

मराठी कुटुंबांसाठी एक खास कारणही आहे. आपल्यातल्या कितीतरी घराण्यांची कुलदैवतं फोंडा तालुक्यात आहेत: मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा. पणजीहून तासाभराच्या आत तिथे पोहोचता येतं. देवळांचे सभामंडप गार असतात आणि समोर तळी. घरात ज्येष्ठ असतील आणि कुलदेवीचं दर्शन राहून गेलेलं असेल, तर माझ्या मते प्रश्न इथेच सुटला, पणजीला जा.

फोंताइन्हास, म्हणजे तिथले लोक ज्याला मळा म्हणतात तो भाग, मात्र दुपारी पाहायचा नाही. सकाळी आठच्या आत जा. पिवळी, निळी, विटकरी घरं, लाकडी सज्जे, आणि सायकलवरून हॉर्न वाजवत जाणारा पाववाला. त्याच्याकडून गरम उंडे आणि पोई घ्या. एक कळकळीची विनंती: ही लोकांची राहती घरं आहेत. त्यांच्या पायऱ्यांवर, सज्जांवर चढून फोटो काढणाऱ्यांनी तिथल्या रहिवाशांना अगदी नकोसं केलं आहे. आपल्या मुलांना हे आधीच सांगा.

संध्याकाळी मांडवीच्या काठाने चालणं, बेतीच्या फेरीबोटीतून पलीकडे जाऊन परत येणं, मिरामारची वाळू. नदीतल्या कॅसिनोच्या बोटींचा झगमगाट मला आवडत नाही. त्या काठाची शांतता त्यांनी घालवली असं मला मनापासून वाटतं. तिथे २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, त्यामुळे मुलांबरोबर जाणाऱ्यांचा तसा संबंधही येत नाही. गावाच्या मधोमध असलेलं पांढरंशुभ्र चर्च उंचावर आहे, पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी ते खालच्या चौकातूनच पाहावं. तिथूनच ते सर्वांत छान दिसतं.

ताटात काय पडतं

रत्नागिरीला मे महिन्यात जायचं ते हापूससाठी, हे उघडच आहे. पण मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि शेवटच्या आठवड्यात फरक पडतो. शेवटाकडे भाव उतरतात, पण वळवाचा पाऊस झाला असेल तर फळ टिकत नाही. पेट्या घरी न्यायच्या असतील तर लवकर जा. आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ हे घरगुती करणाऱ्यांकडून घ्या. जेवणात घावन, फणसाची भाजी, सोलकढी आणि केळीच्या पानावर उकडीचे मोदक. शाकाहारी माणसाची इथे अजिबात आबाळ होत नाही.

पणजीत मानकुराद मागा. गोव्याच्या माणसाला हापूसपेक्षा मानकुराद वरचढ वाटतो, आणि दोन-तीन खाल्ल्यावर मला त्याचं म्हणणं पटतं. रेषा कमी, गोडीला किंचित वेगळी धार. हंगामात भाव चढेच असतात, तरी एकदा घ्याच. सकाळी पातळ भाजी आणि पाव, दुपारी हुमण (माशाचं कालवण) आणि भात, शाकाहाऱ्यांना मिश्र भाज्यांचं खतखतं आणि अळंब्यांचं शाकुती. माशांच्या बाबतीत दोन्हीकडे एकच गोष्ट लक्षात ठेवा: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. ताजी सुरमई, पापलेट खायचं तर मे संपायच्या आत.

गर्दी आणि खर्च

हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. मे हा रत्नागिरी-गणपतीपुळ्याचा ऐन हंगाम आहे. चाकरमानी गावी आलेले, शाळांना सुट्टी, गणपतीपुळ्याला दर्शनाची रांग, राहण्याचे दर वर्षातले सर्वांत चढे. गोव्याचा हंगाम मात्र डिसेंबर-जानेवारीचा. मेमध्ये तिथे सुट्टीची गर्दी असते, पण नाताळच्या तुलनेत खोल्या बऱ्याच स्वस्त मिळतात. म्हणून एरवी "गोवा महाग" हे खरं असलं तरी मे महिन्यात राहण्याच्या खर्चात दोघांत वाटतो तितका फरक उरत नाही.

फिरण्यात मात्र उरतो. रत्नागिरीत रिक्षा आहेत, एसटी आहे, आणि आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळं जेमतेम २५ किलोमीटर. गोव्यात टॅक्सी महाग पडते आणि मुंबई-पुण्याच्या सवयीची ओला-उबर नाही. कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बस किंवा गोवा माइल्सचं अ‍ॅप वापरावं लागतं. स्कूटर भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. खाजगी पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात देऊ करतात, पण ती भाड्याने देणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर तुम्हीच अडकता.

पाण्यात उतरणार असाल तर

इथे मी कठोर आहे. गणपतीपुळं आणि आरे-वारे दिसायला देखणे, पण पोहायला धोक्याचे किनारे आहेत. तळ एकदम खोल जातो आणि ओढ आहे. दरवर्षी तिथे माणसं बुडतात, आणि बहुतेक बाहेरगावची असतात. पावलं भिजवा, पुढे जाऊ नका. शहरालगतचा भाट्याचा किनारा लांबलचक आहे, मागे सुरूचं बन. मुलांनी वाळूत खेळायला तोच बरा. गोव्यात मोठ्या किनाऱ्यांवर नेमलेले जीवरक्षक असतात, लाल बावटे लावलेले असतात. मुलांना लाटांत खेळायचंच असेल तर या एका बाबतीत गोवा निर्विवाद पुढे आहे. मे सरत आला की मात्र कुठलाच समुद्र आपला नसतो.

तारखा

पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात या पट्ट्यात येतो. पण २०२५ साली मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोहोचला होता. तेव्हा २० मेच्या आत परत येण्याचा बेत करा. मेच्या शेवटी जलक्रीडा आणि प्रवासी होड्याही बंद व्हायला लागतात.

रस्त्याने मुंबई-रत्नागिरी साधारण ३४० किलोमीटर. पणजी जवळपास ६००. महामार्गाचं काम वर्षानुवर्षं चालू आहे, त्यामुळे ज्येष्ठांना घेऊन गाडीने पणजीपर्यंत जायचा सल्ला मी देणार नाही. रेल्वेने जा. वंदे भारत पहाटे मुंबईहून सुटते आणि अकराच्या आत रत्नागिरीला पोहोचते. पणजीसाठी थिवीला उतरायचं, तिथून वीसेक किलोमीटर. रत्नागिरी स्टेशनही गावापासून दूर आहे, उतरण्याआधी रिक्षा किंवा गाडी सांगून ठेवा. विमानाने येणाऱ्यांना दाबोळी आणि मोपा हे दोन विमानतळ आहेत, म्हणून बंगळुरू-हैदराबादच्या मराठी मंडळींना पणजीच सोयीची.

आता माझा कौल. बरोबर दहा वर्षांखालची मुलं आणि शांत बसायला आवडणारे आजी-आजोबा असतील, आणि बागेतलं घर मिळालं असेल, तर रत्नागिरी. घर मिळालं नाही तर रत्नागिरी हिवाळ्यासाठी ठेवा. मुलं मोठी असतील, ज्यांना दुपारी तीन वाजता "आता काय?" असा प्रश्न पडतो, किंवा कुलदैवताला जायचं असेल, तर पणजी. सहा-सात दिवस हाताशी असतील तर दोन्ही करा: आधी तीन रात्री रत्नागिरी, मग रेल्वेने तीन-चार तासांत थिवी. पणजीहून परतताना मात्र सांभाळा: आंब्याच्या पेट्यांसाठी पुन्हा रत्नागिरीला उतरायचा मोह होतो आणि आरक्षण वाया जातं.

तिकिटं ६० दिवस आधी खुली होतात. ५ मेला निघायचं असेल तर ६ मार्चला सकाळी आठच्या ठोक्याला फोन हातात घेऊन बसा, आणि त्याच्या आधी घरवाल्या काकूंना फोन करून खोली पक्की करून ठेवा.