इंडियन समरची रेकॉर्ड, आठ महिन्यांनंतर: ती खरखर कोणाची?

पहिले पाच आठवडे मी ही रेकॉर्ड खराब आहे असं धरून विकणाऱ्याशी भांडत होतो. आज आठ महिने झाले. त्या भांडणातलं अर्धं मला परत घ्यावं लागलं, म्हणून लिहायला बसलोय. उरलेल्या अर्ध्यावर मी अजून ठाम आहे.

इंडियन समर ज्यांना माहीत आहेत त्यांनाच हे वाचावंसं वाटेल, त्यामुळे ओळख थोडक्यात. पंक घराण्यातला बँड. ओकलंड, कॅलिफोर्निया. 1993-94, बस्स, एवढंच आयुष्य. सात इंची रेकॉर्डवर विखुरलेली मोजकी गाणी, त्यातली बरीचशी निनावी. नावं मागाहून चिकटली. त्यांच्यातला मार्क बियांकी पुढे हर स्पेस हॉलिडे या नावाने अगदी वेगळ्या वाटेला गेला. ही विखुरलेली गाणी एकत्र करणारं ‘गिव्हिंग बर्थ टू थंडर’ हे संकलन 2019 मध्ये निघालं. मी घेतली ती त्याचीच वापरलेली प्रत, परदेशातल्या एका खाजगी विक्रेत्याकडून. वर्णनात ‘जवळपास नवी’ असं लिहिलेलं होतं. पार्सल आणि कस्टम धरून घरात येईपर्यंत 5,400 रुपये गेले. माझ्या पगारात एका रेकॉर्डला एवढे पैसे हा सहज घेतलेला निर्णय नव्हता. दिवाळीचे कपडे रद्द करून घेतलेली वस्तू आहे ती.

पहिल्या दिवशी सुई टेकवली आणि खरखर. नुसती धुळीची टिकटिक नाही, पावसाची सर पत्र्यावर लागून राहावी तशी सलग. तिच्या आतून कुणी बाई गातेय, लांबून, बंद दारामागून गावं तशी. मग हळू गिटार आणि पुटपुटल्यासारखा आवाज. हा बँड मुळातच इतका दबक्या आवाजात सुरू होतो की श्वास रोखून ऐकावं लागतं, आणि नेमकं तिथेच ही खरखर. नंतर सगळे एकदम तुटून पडतात तेव्हा ती बुडून जाते, पण तोवर माझं डोकं तापलेलं असायचं.

रेकॉर्ड डिस्टिल्ड वॉटरने धुतली. नवा ब्रश आणला. कुणीतरी सांगितलं म्हणून 1,900 रुपयांची नवी सुई बसवली. खरखर तशीच. विक्रेत्याला तीन मेल पाठवले, मोबाइलवर चित्रीकरण करून पाठवलं, अर्धे पैसे परत मागितले. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: रेकॉर्डिंगच तसं आहे. मला वाटलं, टोलवतोय. हीच गाणी मी आधी कित्येक वर्षं लोकलमध्ये स्वस्तातल्या इअरफोनवर ऐकली होती आणि असला आवाज मला कधी आला नव्हता.

नोव्हेंबरात मिरजेला गेलो ते तीच रेकॉर्ड घेऊन. थोरल्या मामांकडे चांगलं यंत्र आहे आणि जुन्या तबकड्यांचं एक कपाट आहे: बालगंधर्व, हिराबाई, आणि मिरजेतलं घर म्हटल्यावर अब्दुल करीम खाँ असायचेच. मामा चौऱ्याहत्तर वर्षांचे. असलं संगीत त्यांनी जन्मात ऐकलेलं नाही. मी फक्त एवढंच विचारलं, मामा, यात नेमकं काय बिघडलंय ते सांगता का?

त्यांनी डोळे मिटून मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, “अरे, ही तुझ्या रेकॉर्डची खरखर नाहीच. ही लाखेची आहे. त्या बाईबरोबर आलीय ती.”

मग त्यांनी मला मोजायला शिकवलं, ते सगळ्यांच्या कामाचं आहे. आपल्या एलपीवर ओरखडा असेल तर तो प्रत्येक फेऱ्याला एकदा वाजणार. मिनिटाला 33 आणि एक तृतीयांश फेरे, म्हणजे दर 1.8 सेकंदाला एक टक. त्या तालात काही येत नसेल तर दोष ओरखड्याचा नाही. आणि जुन्या, लाखेच्या तबकडीची खरखर सलग असते, कारण लाखेत दगडाची भुकटी कालवलेली असायची. पोलादी सुई त्या भुकटीवर घासून खाचेच्या मापाची व्हावी, हा हेतू. घासण्याचा तो आवाज गाण्यासोबत कायमचा येतो. त्यांनी कपाटातून खाँसाहेबांची तबकडी काढून लावली. तीच पावसाची सर, आणि तिच्यामागे तो आवाज. मी गप्प झालो.

ती बाई म्हणजे अमेरिकन ब्लूज गायिका बेसी स्मिथ. इंडियन समर तिच्या जुन्या रेकॉर्डचा आवाज आपल्या गाण्यांत वापरत, हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि विसरलो होतो. रात्री मामांच्याच चांगल्या हेडफोनवर फोनमधली फाइल ऐकली. तिच्यातही खरखर होतीच. मलाच कधी ऐकू आली नव्हती.

त्या रात्री झोप लागली नाही. बेसी स्मिथ 1923 पासून ध्वनिमुद्रण करत होती. त्या काळात जगभरच्या तबकड्यांना लागणारी लाख मुख्यतः भारतातूनच जायची. म्हणजे ओकलंडच्या त्या पोरांनी टेपवर घेतलेल्या आवाजात आपल्याकडच्या जंगलातल्या किड्यांनी केलेल्या लाखेचा आवाज असण्याची दाट शक्यता आहे. आणि बेसी स्मिथ सप्टेंबर 1937 मध्ये मिसिसिपीत मोटार अपघातात गेली. खाँसाहेब ऑक्टोबर 1937 मध्ये, दक्षिणेत प्रवासात असताना. एका महिन्याच्या अंतराने. याचा अर्थ काढायला मी जात नाही. पण ही दोन्ही माणसं एकाच खोलीत, एकाच यंत्रावर, एका तासाच्या आत मी ऐकली, आणि दोघांभोवती तोच आवाज होता.

घरी आल्यावर विक्रेत्याला मेल लिहून माफी मागितली. खरखरीबद्दल तुमचं बरोबर होतं, माझं चूक, असं स्पष्ट लिहिलं.

त्यानंतर मात्र 1.8 सेकंद मोजायची सवय लागली, आणि दुसऱ्या बाजूला, आतल्या अंगाला, एक खराखुरा ओरखडा सापडला. टक. टक. टक. अगदी ठरल्या वेळाला, जवळजवळ पाऊण मिनिट. शांत भागात तो येतो तेव्हा हात आपोआप घट्ट होतात. पुन्हा मेल केला. उत्तर: तीस दिवसांची मुदत संपली. म्हणजे जे बिघडलंच नव्हतं त्यासाठी भांडण्यात माझी मुदत गेली, आणि जे बिघडलं होतं त्याला दाद नाही. ‘जवळपास नवी’ लिहिणाऱ्याने दुसरी बाजू शेवटपर्यंत वाजवून पाहिली नव्हती, एवढं माझं अजूनही म्हणणं आहे.

गाण्यांबद्दल माझं मत बदललं. पूर्वी मला राइट्स ऑफ स्प्रिंग या बँडची 1985 ची रेकॉर्ड या सगळ्या घराण्याचं शिखर वाटायची: वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनमधला इनर इअर स्टुडिओ, डॉन झिएंटारा ध्वनिमुद्रणाला, इयन मकाय निर्माता, आणि गायक गी पिचोटोचा घसा फाटेपर्यंतचा आवाज. ती आजही तितकीच प्रिय आहे. पण तिथे पहिल्यापासून आग लागलेली असते. इंडियन समर आग लागायच्या आधीचा वास दाखवतात, आणि ती खरखर काढून टाकली तर तो वास जाईल. ज्या गोष्टीसाठी मी अर्धे पैसे परत मागत होतो तिच्यासाठीच आता त्यांचं ‘अँग्री सन’ हे गाणं लावतो.

टिकाऊपणाचं म्हणाल तर सपाट आहे, वाकलेली नाही. बाहेरचं पुठ्ठ्याचं वेष्टन दमट हवेत ओल धरतं. भिंतीला टेकवून ठेवू नका, आतलं कागदी पाकीट बदलून प्लास्टिकचं घाला, नाहीतर पावसाळ्यात बुरशी ठरलेली. ज्यांना स्वच्छ, चकचकीत आवाज हवा त्यांनी पैसे वाचवावेत. बाकीच्यांनी घ्यावी, शक्यतो नवी.

मामांनी संक्रांतीला फोनवर विचारलं, “त्या दबक्या आवाजातल्या पोरांचं आणखी काही आहे का?” नाही म्हणावं लागलं. त्यांच्यासाठी आता मॉस आयकॉन या बँडची रेकॉर्ड शोधतोय. अमेरिकेतल्या ॲनापोलिसचे, त्यांचं ते दहा मिनिटांच्या वर जाणारं, सावकाश चढत जाणारं गाणं मामांना धरून ठेवेल असं वाटतं. एकाकडे प्रत आहे, पुन्हा ‘जवळपास नवी’च. मी दोन्ही बाजू वाजवतानाचं अखंड चित्रीकरण मागितलंय आणि ते आल्याशिवाय एक रुपया पाठवणार नाही.