निम्म्या किमतीची रनिंग लाइन: घेण्याआधी हे वाचा

स्कॉटलंडच्या डी नदीवर सॅमन मासे पकडण्याचा हंगाम १ फेब्रुवारीला उघडतो. त्याच्या तोंडावर ऑनलाइन बाजारात 'शिल्लक माल, निम्मी किंमत' अशा जाहिराती दिसू लागतात. दोन हातांनी चालवायचा फ्लाय रॉड (कृत्रिम माशीचं आमिष दूर फेकायची मासेमारीची काठी) नव्याने घेतलेल्या मंडळींनी अशा जाहिरातींपासून सांभाळून राहावं. मला अशाच एका विक्रेत्याने गंडवलं.

माझा रॉड १३ फुटी, त्यावर ५४० ग्रेनचं, म्हणजे सुमारे ३५ ग्रॅमचं स्कॅजिट हेड, म्हणजे दोरीचा पुढचा आखूड, जड भाग. हेड पुढे झेपावतं तेव्हा त्याच्यामागून सुटत जाणारी दोरी म्हणजे रनिंग लाइन. पातळ लाइन लांब जाते, पण गारठलेल्या बोटांत धरवत नाही. जाड लाइन हाताला बरी, पण गाइडमध्ये, म्हणजे रॉडवरच्या कड्यांमध्ये घासते आणि अंतर कमी पडतं. नुसत्या नायलॉनची सगळ्यात लांब जाते, मात्र तिची वेटोळी आधी ताणून सरळ करावी लागतात. थंडीत ५०० ग्रेनच्या पुढच्या हेडला कोटिंगवाली, ०.०३५ इंच जाडीची, किमान ३० पौंड ताण सहन करणारी आणि तरंगणारी लाइनच घ्यावी असं माझं मत आहे. मी तीच मागवली होती.

जाहिरातीत फोटो नामांकित कंपनीच्या खोक्याचा. घरी आलं ते साध्या प्लास्टिकच्या पिशवीतलं वेटोळं. विचारल्यावर उत्तर आलं, "दुकानातल्या मोठ्या रिळावरून कापलीय, माल तोच." व्हर्नियरने मोजली तर जाडी जेमतेम ०.०२६. बादलीत टाकली, तळाला गेली. चांगल्या लाइनच्या टोकाचा लूप (हेड जोडायचा फासा) कोटिंग वितळवून एकजीव केलेला असतो. इथे दोन पदर गोंदाने चिकटवून वर पारदर्शक नळी चढवली होती. बॅगा तोलायच्या काट्याला अडकवून ओढलं, तर गोंद सुटला आणि कोटिंग आतल्या दोऱ्यावरून मोज्यासारखं सोलून आलं. काटा तेव्हा आठ किलोही दाखवत नव्हता. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो!

नदीवर हे घडलं असतं तर महागडं हेड गेलंच असतं, शिवाय एखादा सॅमन तोंडात हूक आणि मागे दहाएक मीटर दोरी घेऊन फिरत राहिला असता. १ एप्रिलच्या आधी लागलेला प्रत्येक सॅमन इथे कायद्याने सोडून द्यावा लागतो, इतकी त्याची काळजी घेतली जाते. त्याच नदीसाठी असला माल विकणाऱ्याची मला भयंकर चीड येते.

पैसे परत मागितले तर म्हणे, "मी खासगी माणूस, तुम्ही लाइन भिजवलीत, आता काही होणार नाही." साइटवरच्या त्याच्या खात्यावर मात्र तीच लाइन वेगवेगळ्या जाडींत विकायला होती. धंदा करून खासगी असल्याचं भासवणं ब्रिटनमध्ये बेकायदा आहे. व्यापाऱ्याकडून ऑनलाइन घेतलेला माल सहसा १४ दिवसांत कारण न देता परत करता येतो, आणि सदोष निघाला तर ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. मी मोजमापं आणि फोटो जोडून साइटकडे तक्रार केली आणि पैसे मिळाले, कारण पेमेंट साइटमार्फतच केलं होतं. "थेट बँकेत टाका, पाच पौंड कमी करतो," असा त्याचा आग्रह होता, तो मी मानला नव्हता.

पैसे देण्याआधी जाडी, लांबी, आतला गाभा कशाचा आहे हे लेखी विचारा आणि लूपचा जवळून काढलेला फोटो मागा, खोक्याचा नको. हा विक्रेता आता दुसऱ्या नावाने आलाय, पण फोटो तोच वापरतोय: खोक्याच्या डाव्या कोपऱ्यावर किमतीचा अर्धवट फाटलेला स्टिकर आहे.