'इलेन स्ट्रिच ॲट लिबर्टी': एका अभिनेत्रीने स्वतःच मांडलेला जमाखर्च

अमेरिकेतील रंगभूमी आणि दूरचित्रवाणीवर सहा दशके वावरलेल्या इलेन स्ट्रिच (१९२५–२०१४) यांची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर त्यांच्या 'इलेन स्ट्रिच ॲट लिबर्टी' या एकपात्री प्रयोगाचे चित्रमुद्रण आवर्जून पाहावे. मूळ प्रयोग २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये सुरू झाला आणि २००२ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर गेला. चारदा नामांकनावर थांबलेल्या स्ट्रिच यांना अमेरिकी रंगभूमीचा मानाचा टोनी पुरस्कार अखेर याच प्रयोगाने मिळवून दिला. एचबीओ या दूरचित्रवाहिनीने २००४ मध्ये दाखवलेले हे चित्रमुद्रण डीव्हीडीवरही निघाले आहे.

नेपथ्य म्हणून एक उंच स्टूल आणि वेशभूषा म्हणून पांढरा सदरा व काळे घट्ट मोजे एवढ्याच भांडवलावर, पंचाहत्तरी ओलांडलेली ही बाई रिकामा रंगमंच भरून टाकते. श्रेयनामावलीत लेखनासाठी 'रचना: जॉन लार, पुनर्रचना: इलेन स्ट्रिच' असे नोंदवलेले आहे आणि ते तंतोतंत खरे वाटते, कारण प्रत्येक आठवण कोठे थांबवायची आणि गाणे कोठून उचलायचे, याचा हिशेब ती सांगणाऱ्या व्यक्तीच्या श्वासाशीच जुळलेला आहे.

'झिप' या गाण्याचा प्रसंग तर पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. 'कॉल मी मॅडम' या संगीतिकेत नायिका एथेल मर्मन यांची बदली कलाकार म्हणून बांधलेल्या असतानाच स्ट्रिच यांना 'पॅल जोई' या दुसऱ्या संगीतिकेच्या पुनरुज्जीवनात 'झिप' गाणारी भूमिका मिळाली आणि त्याचे ब्रॉडवेपूर्व प्रयोग न्यू हेवन या दुसऱ्या शहरात होते. पडदा उघडण्याच्या अर्धा तास आधी न्यूयॉर्कमध्ये हजेरी लावायची, मर्मन ठणठणीत आहेत याची खात्री करून घ्यायची आणि मग न्यू हेवन गाठायचे, कारण त्यांचे गाणे दुसऱ्या अंकात होते! ही धावपळ त्या त्याच गाण्याच्या ओळींमध्ये गुंफून सांगतात. गाणे तोडले जाते, गोष्ट पुढे सरकते, पुन्हा गाणे येते. दोन्हींची लय मात्र कोठेही सुटत नाही. असे वेळेचे भान केवळ तालमीने येत नाही, त्यामागे हजारो प्रेक्षकांसमोर घालवलेली वर्षे असतात.

मला याहून मोलाचा वाटतो तो त्यांचा स्वतःच्या पडझडीविषयीचा मोकळेपणा. रंगमंचावर जाण्याच्या भीतीपोटी घेतलेला दारूचा आधार आणि त्याने पुढे केलेले नुकसान त्या सहानुभूतीची याचना न करता सांगतात. 'द गोल्डन गर्ल्स' या लोकप्रिय मालिकेतील डोरोथीची भूमिका चाचणीच्या वेळी आपल्याच तोंडाळपणामुळे कशी हातची गेली, तेही त्या रंगवून सांगतात. ती भूमिका पुढे बी आर्थर यांनी केली.

उणीव सांगायची तर दूरचित्रवाणीचा भाग रंगभूमीच्या मानाने तोकडा वाटतो. लंडनमध्ये डोनाल्ड सिंडेन यांच्यासोबत त्यांनी १९७५ ते १९७९ या काळात 'टूज कंपनी' ही मालिका गाजवली होती, तिच्याविषयी अधिक ऐकायला आवडले असते. '३० रॉक' या मालिकेतील कॉलीन डोनागी ही २००७ चा दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार मिळवून देणारी भूमिका तर या मुद्रणानंतरची आहे. शिवाय ब्रॉडवेची नावे इतक्या झपाट्याने येतात की अपरिचित प्रेक्षक सुरुवातीला गोंधळतो.

त्यासाठी माझी सूचना अशी की, आधी डी. ए. पेनेबेकर यांचा १९७० चा 'ओरिजिनल कास्ट अल्बम: कंपनी' हा 'कंपनी' या संगीतिकेतील गाण्यांच्या ध्वनिमुद्रणावरचा जेमतेम तासाभराचा माहितीपट पाहावा. त्यात मध्यरात्र उलटल्यावर 'द लेडीज हू लंच' हे गाणे काही केल्या जमत नाही, आवाज बसलेला असतो आणि स्ट्रिच स्वतःवरच चिडतात. शेवटी नुसत्या वाद्यवृंदाचे मुद्रण करून ठेवतात आणि नंतर ताज्यातवान्या होऊन आल्यावर त्या ते गाणे जिंकून जातात. तो प्रसंग पाहिलेल्या प्रेक्षकाला 'ॲट लिबर्टी'त तेच गाणे वयाच्या आठव्या दशकातील आवाजात ऐकताना कितीतरी अधिक सापडेल.