सप्लाय बोटीच्या गॅलीत अख्खा पावसाळा: 5 महिन्यांनंतरचा अनुभव

मे मध्ये जॉईन, ऑक्टोबरात साईन ऑफ, आता चोपड्याला घरी बसून लिहितोय. मी कुक, गॅली म्हणजे बोटीचं स्वयंपाकघर, आणि बोट मुंबई हायच्या समुद्रातल्या तेल प्लॅटफॉर्मना माल नेणारी पीएसव्ही (प्लॅटफॉर्म सप्लाय व्हेसल). आपल्याकडची बरीच पोरं आता शिपवर जायचं बघताहेत भाऊ, सगळे पगार विचारतात, बोट कशी बांधलीय ते कोणी विचारत नाही, म्हणून हे.

या बोटीला अँटी-रोल टँक आहे. बोट कलली की त्यातलं पाणी एका बाजूकडून दुसरीकडे जातं पण जरा उशिरा, आणि त्या उशिरामुळेच कलणं आवरतं. प्लॅटफॉर्मजवळ तासन्‌तास एका जागी उभं राहावं लागतं, तिथे साध्या फिन्सचा (बोटीच्या बाजूंना पाण्याखाली असणाऱ्या पंखांचा) उपयोग नाही, त्यांना बोटीचा वेग लागतो. आधीच्या बोटीत ही टँक नव्हती, जुलैत पातेली दोरीने बांधायचो. इथे शेगडीभोवतीच्या सळया पुरल्या, आणि मी जूनमध्ये कळण्याच्या भाकरी थापल्या! भाकरीला दोन्ही हात लागतात ना, मिनिटाला किती वेळा काम सोडून काहीतरी धरावं लागतं हे डिझाईनवाले खरंच मोजतात, माझं मोजमाप भाकरी.

आता त्रास. मागचा डेक मालासाठी मोकळा हवा म्हणून केबिन, गॅली सगळं नाकाशी, आणि बोट पुढेमागे डुलते तेव्हा मधोमध कमी, टोकाला सगळ्यात जास्त वरखाली होतं. साधारण 5 सेकंदाला एक अशी वरखाली असली की मळमळ सगळ्यात जास्त. उलट्या आठवड्यात थांबल्या पण नंतर जी सुस्ती येते ती वाईट, माणूस उभ्या उभ्या पेंगतो, अंगात जोरच नाही, तीही हलण्यामुळेच येते हे मला फार उशिरा कळलं. तशातच कढईतलं तेल मनगटावर आलं. तेव्हापासून खराब हवेत तळण बंद, कोणी कितीही भजी मागो.

एमएलसी म्हणजे जहाजावरच्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार, त्याप्रमाणे 24 तासांत 10 तास विश्रांती कागदावर मिळतेच हो, पण बंकमध्ये अंग घरंगळत असेल तर झोप कुठून? मी गादीच्या कडेखाली लाईफजॅकेट कोंबायचो, भिंतीशी खोबण होते, त्यात पाठ टेकली की चार तास सलग मिळायचे.

कोल्ड रूमपासून गॅलीपर्यंत धरायला काहीच नव्हतं, दोन्ही हातात क्रेट घेऊन चालायचं म्हणजे जीव मुठीत. ऑगस्टमध्ये फिटरने पाईप वेल्ड करून दिला. तासाभराचं काम, बांधतानाच का नाही केलं?

परत जाईन, याच बोटीवर. फक्त केबिन खालच्या डेकवरची, जितकी मागे मिळेल तितकी मागे.